मुका कारागीर

या, जरा पुढे सरकून बसा, मागून येणाऱ्यांनाही टेकायला जागा होऊ द्या. आज गोष्ट सांगायची आहे ती एका खोटं बोलणाऱ्या बाईची. तिचं खोटं ऐकताना देवानेही मान दुसरीकडे वळवली असेल, अशी माझी भाबडी श्रद्धा आहे. तुम्ही ऐका आणि मग तुमचं तुम्ही ठरवा.

“दुकान बंद होतं म्हणता?” पालिकेच्या कर खात्यातल्या तपासनीसाने चष्मा कपाळावर ढकलला. “बाई, आमचा माणूस दरवर्षी तुमच्या गल्लीतून फिरतो. दर वेळी शटर वर, आत मशीनची खडखड. तशी नोंद आहे.”

“ती खडखड मीच करत होते, साहेब.”

“म्हणजे चालूच की!”

“गिऱ्हाईक एकही नव्हतं हो.”

“गिऱ्हाईक नसलं की त्याला मंदी म्हणतात, बंद नाही म्हणत.”

रांगेत मागे कोणीतरी फिसकन हसलं. मिस्त्रीणबाईंनी हातातल्या नोटिशीची घडी आणखी बारीक केली. सहा वर्षांचा थकलेला व्यवसाय कर, त्यावर व्याज, वर दंड. आकडा वाचला तेव्हा त्यांना आधी वाटलं, हा कागद चुकून दुसऱ्याच कोणाच्या दारात पडला असावा.

त्यांचा नवरा शिलाई मशीन दुरुस्त करणारा मिस्त्री. अर्ध्या गावाची मशीनं त्याच्या हाताखालून गेलेली. एके दिवशी अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू लाकडासारखी झाली. वाचा तेवढी हळूहळू परतली. दुकानामागच्या खोलीत खाट टाकली. मध्ये एक भिंत. गिऱ्हाइकापुढे हा लुळा हात न्यायचा नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून अन्न सोडलं.

“दुकान मिटलं ना? मग मला तरी कशाला भरवतेस?”

तेव्हा घास हातात धरून बाई बोलून गेल्या, “मिटलं कुठे? कारागीर ठेवलाय मी.”

“कोण? मला कसा बोलताना ऐकू येत नाही?”

“मुका आहे बिचारा. पण हात चांगलाय.”

मिस्त्रीने तोंड उघडलं. घास आत गेला. झालं, त्या एका घासापायी पुढची सगळी वर्षं बांधली गेली. रोज सकाळी बाई शटर वर करायच्या आणि दुकानात उरलेलं एकुलतं एक जुनं मशीन रिकामं चालवत बसायच्या. ना कापड, ना दोरा. भिंतीपलीकडून हुकूम यायचा, “अगं, पट्टा सैल आहे, सांग त्याला!” बाई पट्टा घट्ट करायच्या. “आता कसं गोड चालतंय! शिकतोय हं पोरगा.” दुपारी सुटे भाग आणायला जाते म्हणून निघायच्या आणि दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी पिळायच्या. संध्याकाळी त्या चादरींची मजुरी दुकानाची कमाई म्हणून सांगायच्या. व्यवसाय कर भरायचा असतो, ही गोष्ट मनात यायला मुळात व्यवसाय कुठे होता?

तपासनीसाने हे सगळं ऐकलं. माणूस वाईट नव्हता. त्याने पेनला टोपण लावलं.

“एक वाट आहे,” तो म्हणाला. “परवाना मिस्त्रींच्या नावावर आहे. दुकान तेव्हापासून बंद आहे एवढं त्यांच्या तोंडून मला ऐकू दे, खाली अंगठा घेऊ. मी स्वतः घरी येतो. बहुतेक सगळं माफ होईल. नाहीतर सामान उचलावं लागेल आणि उरलेलं हप्त्याने तुमच्याकडून.”

“त्यांच्याच तोंडून?”

“तुम्ही सांगून चालत नाही, बाई.”

घरी येऊन त्यांनी दिराला बोलावलं. “भावोजी, तुम्ही धाकटे आहात, तुमचं ते ऐकतील. माझ्या तोंडून नाही निघणार हो.”

दीर आत गेला. आतून दोघा भावांच्या हसण्याचा आवाज आला. बाहेर आला तो चपला शोधत.

“वहिनी, दादा म्हणतोय, कारागिराचा पगार वाढव. मी काय बोलू? तुम्हीच बघा बाई काय ते.” आणि निघून गेला.

त्या दोन-चार दिवसांत बाईंनी किती वेळा सुरुवात केली म्हणून सांगू! “अहो, ऐकता का?” म्हणायच्या, त्याने तोंड वळवलं की “पाणी देऊ का?” विचारायच्या. देवापुढे उभ्या राहून मागायचं तरी काय? खोटं टिकू दे म्हणून मागता येत नाही, आणि खरं बोलायचं बळ दे म्हणायला जीभ उचलेना. नुसत्याच हात जोडून उभ्या राहायच्या.

तपासनीस आला. खाटेजवळच्या स्टुलावर बसला.

“मिस्त्री, पालिकेतून आलोय. दुकान कधीपासून बंद आहे तुमचं?”

“बंद?” मिस्त्री डाव्या कोपरावर उठू लागला. “कोण म्हणतं बंद? वैरी माझा! अहो, मी इथे पडलो तरी एक दिवस शटर खाली राहिलं नाही. विचारा हिला. ही बायको म्हणजे, साहेब, दहा मिस्त्र्यांना भारी आहे.”

तपासनीस बाईंकडे बघत राहिला. कागद मांडीवर, शाईची डबी उघडलेली. एका शब्दाचं काम होतं. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. किती दिवसांनी त्या गालांना रंग चढला होता.

“लिहा, साहेब,” त्या म्हणाल्या. “चालू आहे.”

“बाई, नीट विचार करा.”

“चालू आहे.”

“आणि कारागीरही आहे!” मिस्त्री अभिमानाने म्हणाला. “मुका आहे, पण सोन्यासारखा हात! तेही लिहा.”

कामाला माणूस असला की कर आणखी वाढतो. तपासनीसाचं पेन क्षणभर अडखळलं. ती ओळ त्याने कागदावर घेतली नाही. त्याच्या हातात तेवढंच होतं.

पुढच्याच आठवड्यात पालिकेचे दोन हमाल आले.

“कोण आलंय गं?” आतून हाक आली.

“गिऱ्हाईक.” बाईंनी पदराने तोंड पुसलं. “जुनं मशीन विकत नेतायत.”

“कितीला दिलंस?”

बाईंनी सुचला तो आकडा सांगितला.

“स्वस्तात घातलंस की! मला विचारायचं तरी.” जरा थांबून तो पुन्हा ओरडला, “अहो, नेणारे! डोकं जड असतं त्याचं. खालून हात द्या, नाहीतर कंबर मोडेल तुमची!”

हमाल दारातच थबकले. एकाने बाईंकडे पाहिलं, मग जप्तीचं ते मशीन उंबऱ्यावर टेकवलं, डोक्याखाली हात घातला आणि झोपलेलं मूल उचलावं तसं उचललं.

“घेतलं, मिस्त्री,” तो आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. “नीट नेतो.”

बाई रिकाम्या दुकानात उभ्या राहिल्या. जमिनीवर तेलाचे चार काळे डाग होते. त्या खाली बसल्या आणि फडक्याने ते पुसू लागल्या. जाईनात, तरी पुसत राहिल्या.

मंडळी, आज घरी जाऊन देवापुढे हात जोडाल, तेव्हा आपलं मागून झालं की लगेच उठू नका. ज्या बाईला काय मागावं तेच कळत नव्हतं, तिची तेवढी आठवण ठेवा, आणि तिच्या वतीने तुम्हाला सुचेल ते मागा.