गप्प बसलेला कर्णा

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. लग्नाच्या मांडवात, जत्रेत, बैलगाडा शर्यतीच्या घाटात उंच बांबूला बांधलेला, तोंड वासून ओरडणारा असतो ना, तोच मी. दुसऱ्याचं बोलणं मोठ्यानं सांगायचं, एवढंच काम मला येतं. पण ते मी जन्मभर मन लावून केलं.

पुण्यातल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला आकार देऊन माझं तोंड घडवलं, मागे आवाज काढणारं युनिट बसवलं, राखाडी रंग दिला आणि दुकानात टांगलं. तिथून पिंपळवंडीच्या हौशीरामांनी मला उचललं. घरची पोरं त्यांना आबा म्हणत, म्हणून मीही आबाच म्हणतो. आवाज वाढवणारं एक मशीन, एक माइक, वायरीची भेंडोळी आणि मी, असा सगळा संसार एम-एटी मोपेडला बांधून आबा गावोगाव हिंडायचे. कार्यक्रम कितीही लांबो, ते माझ्या बाजूलाच मशीनपाशी मांडी घालून बसायचे. जेवायलासुद्धा उठायचे नाहीत.

घाटात शर्यत पुकारायला गेणभाऊ असले की माझी छाती फुगायची. काय त्यांचा आवाज! बैलगाडा सुटला की तो घाटमाथ्यावर पोचण्याआधी गेणभाऊंचा शब्द पोचायचा. मान्यवरांची नावं त्यांना तोंडपाठ. एकाही माणसाचं नाव गाळलं असं कधी झालं नाही. आणि आबांचं मशीन बंद पडलं, असंही कधी झालं नाही. या दोन गोष्टींची आसपासच्या दोन तालुक्यांत खात्री होती. तारखा ठरवायला येणारे पाव्हणे म्हणायचे, "बाकी काय बी होऊ द्या, हौशीरामचा कर्णा ऐन टायमाला दगा देणार न्हाई." हे ऐकून आबा नुसते मिशीत हसायचे. मला मात्र ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

आमच्या भागात माळावर रेडिओ दुर्बिणींची एक संस्था आहे. जाळीच्या मोठमोठ्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या असतात. मला आधी वाटायचं, ही माझीच थोरली भावंडं असणार. पण त्या ओरडत नाहीत, नुसतं ऐकतात. दिवसाउजेडीही त्यांना ताऱ्यांचं ऐकू येतं. विज्ञान दिन आला की संस्थेचे लोक गावोगाव व्याख्यानं ठेवत. मुलांचे प्रयोग होत, भजनी मंडळाची पदं होत. मशीनच्या खरखरीनं तबकड्यांचं ऐकणं बिघडतं, म्हणून माझ्या आवाजातले कार्यक्रम माळापासून दूर, गावातच व्हायचे.

आबांची लेक अश्विनी शिकून त्याच संस्थेत लागली. आलेल्या लोकांना दुर्बिणीची माहिती सांगायचं तिचं काम. दोन हजार साल उलटून गेल्यावर एका फेब्रुवारीत ठरलं, की पिंपळवंडीचं व्याख्यान तिनंच द्यायचं. स्वतःच्या गावात, स्वतःच्या माणसांपुढे! पोरीनं गोठ्यात म्हशीपुढे उभं राहून सराव केला. तिच्या मनात एक मोठा बेत होता. गावाला ताऱ्याचा आवाज ऐकवायचा, तोही त्याच क्षणी दुर्बिणीत येणारा. व्याख्यान शाळेच्या पटांगणात होतं, आणि शाळेला लागूनच रूपचंदशेठचं किराणा दुकान होतं. संस्थेतून त्यांच्या फोनवर आवाज पाठवायचा, फोन माइकपुढे धरायचा आणि तो माझ्यातून गावाला ऐकवायचा. दुर्बिणीची वेळ शास्त्रज्ञांमध्ये वाटून दिलेली असते. त्यातून तिनं आर्जवं करून दिवेलागणीचा जेमतेम अर्धा तास मागून आणला होता. तो टळला की तारा त्या दिवसापुरता गेला.

संध्याकाळी शाळेचं पटांगण माणसांनी भरलं. भजन झालं. मग गेणभाऊंनी माइक हातात घेतला आणि सत्कार सुरू झाले. सरपंच झाले, उपसरपंच झाले, दूध सोसायटी झाली. शाल, नारळ, टाळ्या. आमच्याकडे कार्यक्रम म्हटला की हे आलंच. एखाद्याचं नाव राहिलं तर तो माणूस पुढची कैक वर्षं त्या घरची पायरी चढत नाही. उजेड कमी होऊ लागला. अश्विनी खुर्चीच्या कडेला बसून सारखी दुकानाकडे बघत होती.

तेवढ्यात रूपचंदशेठ फोनची लांब वायर ओढत कुंपणापाशी आले. "हौशीरामभाऊ, फोन आला! तारा लागलाय म्हणतात! लवकर करा, थोडाच वेळ आहे!"

अश्विनी उठून गेणभाऊंजवळ गेली. "काका, फोन आलाय. आता सुरू करू का?"

गेणभाऊ माइकमध्येच म्हणाले, "बस पोरी, बस! अजून लई मोठी मानसं ऱ्हायल्यात. तारा काय कुटं पळून चाललाय व्हय?"

सगळं पटांगण खो खो हसलं. ते हसू माझ्याच तोंडून चौपट होऊन निघालं, मित्रांनो, आणि अश्विनी खाली मान घालून जागेवर जाऊन बसली. मला तेव्हा माझ्या आवाजाची शिसारी आली.

आबांनी लेकीकडे पाहिलं. मग ते मशीनवर ओणवे झाले, आणि मागच्या बाजूनं माझी वायर हळूच उपसली.

"हॅलो... हॅलो..." गेणभाऊंनी माइकवर टिचक्या मारल्या. "आरं हौशीराम, मशीन गेलं का काय?"

"गेलं वाटतं," आबा म्हणाले. "जळकट वास येतोय." आणि चेहरा पाडून पेचकस शोधू लागले. माझ्या अंगात चांगली धमक होती, मित्रांनो. पण मालकानं गप्प केलं, मी गप्प बसलो.

आणि काय गंमत! सत्कार आपोआप थांबले. सोसायटीचे माजी चेअरमन अर्धे उठले होते, ते परत टेकले. "नावच ऐकू जाणार न्हाई, तर शाल कशाला? व्हऊ द्या मशीन चालू," म्हणाले. आबा पेचकस फिरवत लेकीला म्हणाले, "आशे, तू बोल तोंडी. तवर म्या बघतो काय झालंय ते."

अश्विनी उभी राहिली. आवाज बारीक होता, म्हणून माणसं पुढे सरकली. मागच्या बाया उठून पुढे येऊन बसल्या. ती म्हणाली, "उसात बिबट्या असला की तुमी बांधावरनं बॅटरी फिरवता ना? तिचा झोत फिरून फिरून आपल्या डोळ्यांवर येतो. हा तारा तसाच हाय. कवाच मेलाय, पण गरागरा फिरतोय, आणि त्याचा झोत आपल्या दुर्बिणीवर येतोय. उजेड न्हाई दिसत. पण दुर्बिणीला ऐकू येतो. हजारो वर्षांपूर्वी निघालेला हाय, आन आता पोचतोय."

बरोबर तेव्हाच आबांनी मान वर केली. "झालं दुरुस्त." माझी वायर जागेवर गेली. रूपचंदशेठनी कुंपणावरून हात लांब करून फोन धरला, आबांनी त्याला माइक लावला.

टक. टक. टक. टक.

मी आजवर बँड वाजवले, गाणी वाजवली, आरोळ्या ठोकल्या, पण इतकं साधं आणि इतक्या लांबचं कधी काही सांगितलं नव्हतं. पहिल्या रांगेतली साळुबाई हळूच म्हणाली, "मेलाय कसला गं, चालूच हाय की बाई त्याचं!" गेणभाऊंनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. फोन बंद झाल्यावर त्यांनी माइक घेतला आणि उरलेला एक नारळ हात अवघडलेल्या रूपचंदशेठना दिला. अश्विनीच्या खांद्यावर शाल घातली. "पोरी, तारा खरंच पळाला असता गं," एवढंच ते बोलले.

मात्र दुसऱ्या दिवसापासून बातमी फिरली, की हौशीरामचं मशीन भर कार्यक्रमात बंद पडलं. अवसरी बुद्रुकच्या घाटात दुसऱ्याचा सेट लागला. लग्नाच्या तारखाही कमी झाल्या. आबा गप्प राहिले. पुढे आबांच्या थोरल्या मुलानं, सुदर्शननं, स्पीकरचे मोठाले बॉक्स आणले आणि मी गोठ्यात गेलो. चिमण्यांनी माझ्यात घरटं केलं. एकदा बेल्ह्याच्या बाजाराला जाताना सुदर्शननं मला भंगारात द्यायला टेम्पोत टाकलं.

आबा धावत आले. "त्याला खाली उतरव."

"आबा, आशीच्या भाषणात यानंच दगा दिला ना?"

"त्यो न्हाई बंद पडला. म्या वायर उपसली व्हती."

"मग सांगितलं का नाय येवढी वर्षं? धंदा बसला की आपला!"

"सांगितलं असतं, तर ज्यांचं सत्कार ऱ्हायले त्यांनी पोरीला बोल लावला असता. मशीनला बोल लावला, त्ये बरं झालं."

दारात अश्विनी उभी होती. ती टेम्पोत चढली आणि मला पोटाशी धरून खाली उतरली.

जन्मभर माझ्याशेजारी बसून आबांचे कान अधू झाले होते, जवळून मोठ्यानं बोललेलं तेवढंच ऐकू यायचं, हे तोवर कुणाच्या नीट ध्यानात आलं नव्हतं. ते संस्थेतल्या तिच्या व्याख्यानांना जायचे, मागच्या ओळीत बसायचे आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या की वाजवायचे. अश्विनीनं माझं मागचं युनिट काढून टाकलं, मला पुसून काढलं आणि माझं निमुळतं टोक आबांच्या कानाला लावलं. मग माझ्या तोंडापुढे उभी राहून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आबा, येतंय का ऐकू?"

आबांचे डोळे भरून आले. "येतंय की," म्हणाले.

आता दर विज्ञान दिनाला आबा पहिल्या ओळीत बसतात. मी त्यांच्या हातात असतो, टोक कानाला आणि तोंड त्यांच्या लेकीकडे. मला ना वायर लागते, ना मशीन. ज्या माणसानं मला एवढं जपलं, त्याला त्याच्या लेकीचा शब्द पोचवायचं काम मला मिळालं. आणखी काय हवं?

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू बंद पडली म्हणून तिला नावं ठेवू नका. आणि तुमच्या घरातलं म्हातारं माणूस सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत असेल, तर त्याला ऐकू आलंच असं धरून चालू नका. जरा जवळ जाऊन बसा, आणि त्याला पुन्हा एकदा सांगा.