थोडंफार इंग्रजी

इथे परदेशात, इस्पितळाच्या धुलाईखान्यात माझी आत्या चौदा वर्षं उभी आहे. गरम रोलरमधून चादरी काढायच्या, घड्या घालायच्या आणि मधूनमधून फोन घ्यायचा. फोन सगळे इंग्रजीतून येतात. कुठल्या वॉर्डात अभ्रे कमी पडले, कुठल्या डॉक्टरचा कोट हरवला, सगळं तीच निस्तरते. डॉक्टर फार चढला तर त्याला इंग्रजीतूनच खाली उतरवते.

यंदा मुकादमीण निवृत्त झाली. तिची खुर्ची आत्याला मिळणार, हे सगळे धरून चालले होते. गुडघ्यांसाठी उभं राहायचं काम सोडा, असं डॉक्टरांनी आत्याला सांगून वर्ष झालं होतं.

तेवढ्यात भाषेची पाहणी निघाली. घरी कोणती भाषा बोलता, इंग्रजी कितपत येतं, असा फॉर्म. ज्यांच्या घरी दुसरी भाषा, त्यांचा फॉर्म दुभाष्याने भरायचा. इथली मराठीची दुभाषी मी. म्हणजे आत्याला इंग्रजी येतं का, हे मी तिला मराठीत विचारायचं. असल्या अकलेला काय म्हणावं?

"येतं आपलं थोडंफार," आत्या म्हणाली.

आता आपल्यात असं कोण म्हणत नाही? आमच्या आजोबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, तेही 'जमतं थोडंफार' असंच म्हणायचे. पण नियमाने मला ऐकलं तेच लिहायचं होतं. उत्तम, चांगलं, बेताचं, नाही, असे चार चौकोन. मी 'बेताचं'वर खूण केली, माझ्याच हाताने.

मुकादमपदाच्या यादीतून आत्याचं नाव कापलं गेलं. कारण, इंग्रजी बेताचं. मी तणतणत कार्यालयात गेले. साहेब म्हणाले, फॉर्म बदलता येईल, पण बाईंनी स्वतः येऊन सांगायला हवं. मी आत्याला बजावलं, आत जायचं, 'उत्तम येतं' म्हणायचं आणि बाहेर यायचं.

"अगं, स्वतःच्या तोंडाने उत्तम कसं म्हणू?"

ती आत गेली, मागोमाग मीही, आणि आपलं इंग्रजी काही उत्तम नाही, हे साहेबांना दहा मिनिटं इंग्रजीतून पटवत बसली. व्याकरण शिकले नाही, ऐकून ऐकून आलं, म्हणाली. साहेबांनी मध्येच प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली. एक विनोद केला, त्यावर साहेब हसलेसुद्धा. मग त्यांनी फॉर्मवर 'बदल नाही' असा शिक्का मारला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आत्ता तुम्ही दोघं कुठल्या भाषेत बोलत होतात, असं मी विचारलं. साहेबांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला.

"निर्णय झालाय. त्यांना त्यांच्या भाषेत नीट समजावून सांगा."

आत्या टेबलाचा आधार घेत उठली. साहेबांशी इतका वेळ घडाघडा बोलणाऱ्या तिने आता त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"सांग त्यांना," ती मला म्हणाली, "समजलं मला."

मी सांगितलं. तोवर ती रोलरपाशी उभी राहायला निघूनही गेली होती.