घोड्याचं दार

बर्फावरच्या हॉकीच्या ऐन फायनलच्या आठवड्यात आमच्या गावच्या नव्या रिंकची बर्फ करायची मशीन बंद पडली आणि समोरच्या संघाच्या पोर्ट हॅरिगनवाल्यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. शनिवारपर्यंत आमच्या गावात बर्फ झाला नाही, तर मुलींची फायनल त्यांच्या गावात, त्यांच्या प्रेक्षकांसमोर! आमच्या मुली पहिल्यांदाच फायनलला पोचलेल्या. संघात खेळणारी माझी भाची नोरीन रडून रडून सुजली होती.

"बर्निस आत्या, तुझं बटाट्याचं गोदाम दे ना!"

माझं गोदाम म्हणजे गावची जुनी हॉकीची रिंक. तिथे मशीन कधी नव्हतीच. दारं सताड उघडी टाकायची, पाणी सोडायचं, पुढचं काम जानेवारी करायचा. बर्फ खरवडायला घोडा होता आणि गोलामागच्या कोपऱ्यात, फळ्यांच्या कुंपणातच, त्याचं दार. ते कायम ढिलं. चेंडूऐवजी खेळायची रबरी चकती त्यावर आदळली की उसळून थेट गोलासमोर यायची. त्या दारानं आम्हाला किती सामने जिंकून दिले! रिंक बंद पडल्यावर मी ती विकत घेतली. फळ्या काढल्या नाहीत, बटाट्यांना आयतं कुंपण मिळालं.

"आणि बटाटे कुठे ठेवू? तुझ्या बापाच्या डोक्यावर?" मी ओरडले, पण किल्ल्या कधीच हातात घेतल्या होत्या.

अख्खं गाव धावलं. ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरात माझे बटाटे! उरलेली सडक्या बटाट्यांची पोती नोरीननं दारामागे, घोड्याच्या ठाणात गच्च रचली. मग पाणी सोडलं, ते गोठलं, पुन्हा सोडलं. बर्फ असा झाला की साठीची बाई मी, नाचले!

शनिवारी हॅरिगनचा कोच वेंडेल हसतच आला. तरुणपणी याच दारानं त्याला रडवलं होतं.

"काय बर्निस, घोडा आहे का अजून?"

"घोडा गेला. गाढव आत्ताच आलं."

शेवटची मिनिटं, बरोबरी. दाराकडच्या आमच्याच गोलावर त्यांची चढाई. वेंडेल बेंबीच्या देठापासून ओरडला, "दारावर मारा! घोड्याच्या दारावर!" त्याच्या संघाच्या पाचही मुली आमच्या गोलासमोर गोळा झाल्या.

चकती दारावर आदळली. थप्प! दार जागचं हललं नाही. चकती फळीला घासत बाजूला घसरत गेली आणि तिथे नोरीन एकटी उभी होती.

"पळ गं बये, पळ!" मी किंचाळले. पुढे अख्खी रिंक मोकळी. नोरीन सुटली ती थेट त्यांच्या गोलात चकती घालूनच थांबली. छप्पर उडायचंच बाकी होतं!

सामना संपल्यावर वेंडेल खांद्यानं ते दार ढकलत बसला होता.

"या दाराला झालंय काय?"

"वेंडेलकाका, बटाटे आहेत मागे, मीच रचलेत," नोरीन धापा टाकत म्हणाली. "रिंक तुमच्या वेळी होती. आता हे गोदाम आहे."

जाताना मी त्याला एक पोतं दिलं, चांगल्या बटाट्यांचं.