पाचवा बोल्ट

उदाजीरावांच्या लेकीचं, स्वानंदीचं लग्न झालं ते २००४ साल. लग्नाच्या धावपळीसाठी गोपाळरावांनी देवासहून आपली मोटार धारला आणली आणि परत जाताना थोरल्या भावाकडेच ठेवली. आता चालवणं होत नाही, एवढंच म्हणाले. उदाजीरावांनी ती ठेवून घेतली, पण मनात पाल चुकचुकलीच. वडिलांच्या दुर्बिणीवरून अबोला धरणारा भाऊ आख्खी मोटार फुकट कशी देतो?

दिवाळी सरली आणि देवासहून फोन आला. गोपाळरावांची तब्येत फार खालावली होती, दादांनी लवकर येऊन जावं. उदाजीराव निघाले तर मागचं चाक बसलेलं. टायरवाल्या फत्तेसिंगला बोलावलं. त्याने चार बोल्ट सोडवले, पण पाचव्याच्या डोक्याला फुलासारखी खाच होती. चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून बसवलेला तो बोल्ट, त्याची किल्ली वेगळी. गाडीच्या अवजारांच्या पिशवीत ती नव्हती.

"भिया, गाडी दे दी और चाबी रख ली," फत्तेसिंग हसला. "तुम्हारे भाई भी पक्के हैं."

झालं, उदाजीरावांच्या डोक्यात ते घट्ट बसलं. फोन करून विचारलं, तर गोपाळरावांनी धापा टाकत पिशवीतच आहे म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. इतक्या लवकर ठेवला म्हणजे काळंबेरं असणारच. आजाराचं निमित्त, बोलावणं मोटार परत घेण्यासाठी. पत्नी इंदिराबाई बसने जा म्हणाल्या. उदाजीराव ओट्यावर बसून राहिले.

"किल्ली पाठवेल तेव्हा जाईन."

फत्तेसिंगने बोल्टावर लहान गोटी, म्हणजे पान्याचं सॉकेट, ठोकून बसवून बघायचं ठरवलं आणि मोठा हातोडा मागितला. तो देवघरातल्या पेटीत होता. खंडेनवमीला घरातलं लोखंड तलवारीशेजारी पुजायचं, त्यात यंदा गाडीचंही हवं, असा हट्ट उदाजीरावांनीच धरला होता. पुढे लेकीच्या दिवाळसणाच्या गडबडीत हे सगळं बांधून ठेवलेलं लाल फडकं कुणी सोडलंच नाही. इंदिराबाईंनी ते ओट्यावर आणून उलगडलं. तलवार, हातोडा, पक्कड आणि कुंकू लागलेली ती बोटभर किल्ली.

उदाजीरावांनी किल्ली धोतराला पुसली.

बोल्ट गंजून घट्ट बसला होता. फत्तेसिंगने डिझेल सोडलं, पान्याला पाइप अडकवला, दोघांनी भार दिला तेव्हा कुठे तो करकरत फिरला.

संध्याकाळी उदाजीराव देवासला पोचले. गोपाळराव उशीला टेकून बसले होते.

"किल्ली कुठे मिळाली, दादा?"

"पिशवीतच होती. तू म्हणालास तशी."

गोपाळरावांनी मान हलवली. "मला वाटलं, यायचं नाही म्हणून तुम्ही किल्लीचा बहाणा केलात."

उदाजीरावांनी पांघरूण भावाच्या पायांवर नीट केलं. त्या रात्री ते तिथेच राहिले, आणि पुढेही.

गोपाळराव २००५ च्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी देवासला वारले.