मर्व्हच्या बोटांनी बांधलेलं विमान

मी एक विमान बोलतोय. खरं नव्हे, खऱ्याच्या पाचव्या हिश्श्याएवढं, रिमोटवर उडणारं. रंग पिवळा, पंख सहा फूट, आणि सध्या उजवा पंख मधोमध मोडलेला. ऑस्ट्रेलियातल्या विमेराच्या गव्हाच्या मुलखात मर्व्ह हॅल्डेनच्या गॅरेजात मी आढ्याला दोरीने टांगलेला आहे.

मर्व्हने तीस वर्षं इथल्या गव्हावर विमानातून औषध फवारलं. ते विमान केव्हाच भंगारात गेलं. मग बायको गेली, घर खायला उठलं, तेव्हा त्याने ठरवलं, तेच विमान पुन्हा बांधायचं, लहान करून. नकाशा टेबलावर पसरला आणि बाल्सा लाकडाची एकेक बरगडी कापली. हे लाकूड इतकं हलकं की जवळ शिंकायचीही सोय नाही. वरून पिवळं पातळ प्लास्टिक चढवलं, ते बायकोच्या कपड्यांच्या इस्त्रीने. नाक हलकं पडत होतं, म्हणून त्यात मासे धरायच्या गळाला लावायचं शिसं वितळवून भरलं. मग दोन बोटांच्या टोकांवर पंख धरून मला तोललं. मी डुललो नाही, तसा तो एकटाच हसला.

पहिल्या हिवाळ्यात तो डोळ्यांनी बघायचा आणि बोटांनी खात्री करायचा. दुसऱ्या हिवाळ्यात नुसती बोटंच राहिली. हे मला एकट्यालाच ठाऊक होतं.

मंगळवारी आणि गुरुवारी त्याची मुलगी टेगन बेकरीत कामाला जायची आणि आपल्या तीन वर्षांच्या मुलीला, पिप्पाला, त्याच्याकडे सोडायची. टेगनचा जीव फार घाबरा. आल्या आल्या आधी गॅरेजभर नजर फिरवणार.

"बाबा, चाकू एवढा खाली का ठेवलाय? गोंद बंद आहे ना? ती काहीही तोंडात घालते हो."

"तूही घालायचीस. माझा अख्खा बूट चघळला होतास."

"थट्टा नको. तुमचे डोळे बरे आहेत ना? परवा चहा कपाच्या बाहेर ओतलात."

"कप हलला. घारीचे डोळे आहेत माझे, जा तू कामाला."

ती गेली की तो पिप्पाला मांडीवर घ्यायचा. पोरगी आजोबाला पॉप म्हणायची. तिच्या हाताला धरून माझी शेपटी घासायला लावायचा. मधेच दोघं टोस्ट खायचे, तिचे चिकट हात माझ्या पंखाला लागायचे. त्याचा सगळा आठवडा म्हणजे हे दोन दिवस. डोळ्यांचं कळलं तर टेगन पोरीला इथे ठेवायची नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून तो गप्प.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी मला अशी विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबाच्या माळावर नेलं. मेंढ्या शेजारच्या कुंपणात हाकलल्या होत्या, एकीकडे सॉसेज भाजत होते. नवं विमान उडण्याआधी दुसऱ्या कुणीतरी त्याचा जोड न् जोड तपासायचा, अशी तिथली रीत. त्याचा मित्र कॉल पुढे आला.

"दे इकडे म्हाताऱ्या, बघू तुझी कारागिरी."

"हात लावू नकोस. तुझी तीन विमानं अजून निलगिरीच्या झाडांवर लटकतायत."

"अरे, नियम आहे."

"तू चड्डी ओली करत होतास तेव्हापासून उडवतोय मी!"

सगळे हसले. कॉलही हसला आणि सॉसेज उलटायला गेला. तो तपासायला बसला असता तर नुसत्या बोटांनी लावलेले जोड बघून मर्व्हच्या डोळ्यांचंही त्याला कळलं असतं, म्हणून ही सगळी बडबड.

माझं नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी एका तारेने हलते. तारेच्या टोकाला बारीक चिमटा असतो. त्याची टाचणी पट्टीच्या भोकात घालायची आणि वर रबराचं कडं सरकवायचं. मर्व्हने आदल्या दिवशी ते बोटांनी केलं. टाचणी भोकात गेलीच नव्हती, नुसती कडेला अडकली होती. बोटाला मात्र सगळं ठीक लागलं. मी ओरडणार कसा?

त्याने टेगनला शेजारी उभं केलं. "उन्हाने डोळे दिपतात गं. विमान कुठे चाललंय तेवढं सांगत राहा."

मग मी उडालो. खाली गव्हाची शेतं, वर मोकळं आभाळ. दोन वर्षं टेबलावर पडून होतो, आता दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत मी त्यांच्याकडे तोंड करून येत होतो. विमान समोरून आलं की डावं-उजवं उलटं होतं, हे टेगनला कुठून माहीत? ती स्वतःच्या डाव्या-उजव्या हाताप्रमाणे बोलली.

"डावीकडे, बाबा! डावीकडे!"

मर्व्हने मनातल्या मनात उलटं करून मला बरोबर वळवलं. मग नाक वर घ्यायला त्याने अंगठ्याने रिमोटची दांडी ओढली आणि टाचणी सुटली. तो ओढतच होता, माझी शेपटी ऐकेना. मी सरळ जमिनीत घुसलो.

मर्व्हने गुडघ्यांवर बसून माझे तुकडे गोळा केले. चिमटा हाताला लागला तेव्हा थांबला. तो खिशात टाकला.

"बाबा, मी चुकीचं सांगितलं का?"

"जाऊ दे गं."

हो म्हणाला नाही. पण नाहीही म्हणाला नाही.

मंगळवारी टेगन पिप्पाला सोडून दारातूनच गेली. गुरुवारी आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. "परवा पावाचे दोन ट्रे जाळले. सारखं तेच डोळ्यांपुढे येतंय. तुमची दोन वर्षं मी मातीत घातली."

मर्व्हने पिप्पाचे केस चाचपले. मग त्याने खिशातून चिमटा काढून तिच्या हातावर ठेवला.

"हा मी लावला होता. नीट बसलाच नव्हता. तुझी काही चूक नाही. मला दिसलं नाही."

"दिसलं नाही म्हणजे?"

"म्हणजे पिप्पाच्या चेहऱ्याकडे बघतो तेव्हा मधे काही नसतं, टेगन. कडेचे केस तेवढे दिसतात."

टेगनने पोरीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मंगळवारी तिला गाडीतून नदीवर नेलंत ना तुम्ही?"

"हो."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने खिळ्यावरची गाडीची किल्ली काढली, पोरीला कडेवर घेतलं आणि दारात उभी राहून हुंदके देत राहिली. "बाबा, मला आधी सांगायचं होतंत हो."

आता पिप्पा पाळणाघरात जाते. रविवारी दोघी येतात. टेगन सगळा वेळ पोरीच्या फ्रॉकचं टोक धरून बसते. मंगळवार-गुरुवारी मर्व्ह दोन टोस्ट भाजतो आणि एक पक्ष्यांना टाकतो.

गेल्या रविवारी त्याने मला दोरीवरून खाली घेतलं. पंखाची भेग बोटाने शोधत होता, सापडत नव्हती. पिप्पाने त्याचं बोट धरलं, सरकवत नेलं आणि भेगेवर ठेवलं.

"इथे, पॉप."

टेगनने तोंड फिरवलं. फ्रॉकचं टोक तिच्या हातून सुटलेलं होतं, तिला कळलंही नाही.

टेगन, मी आता उडायचा नाही आणि मला त्याचं काही नाही. तुझी भीतीही खोटी नाही. गाडीची किल्ली परत देऊ नकोस. पण एखाद्या मंगळवारी सुट्टी काढ, तूही इथेच बस आणि पोरीला त्याच्या मांडीवर दे. मंगळवारी टोस्ट तो अजूनही दोन भाजतो.