खोट्या तळाची टोपली

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे आणि माझा तळ खोटा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी माझी स्वतःचीच बरीच स्तुती करणार आहे.

माझा बांबू चिखलदऱ्याच्या डोंगरातला. मला विणलं तिवशाजवळच्या एका खेड्यात, शालिकराम बुरुडानं. तो वर्षभर गावाच्या टोपल्या आणि सुपं विणायचा आणि सुगीला खळ्याखळ्यावर जाऊन आपल्या वाट्याची ज्वारी घ्यायचा. वर्षाची भाकर अशी गावाच्या हातात असल्यामुळे त्याला कोणाला नाही म्हणता येत नसे.

ती सालं मोठी नवलाची होती. सातासमुद्रापार कुठे तरी लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस अडकून पडला आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली. कापसाचा भाव असा चढला, की कालपर्यंत पायी फिरणारे लोक बाजाराला दमणीतून जाऊ लागले.

किसनरावांच्या वावरात पऱ्हाटी बोंडं फुटून नुसती पांढरी झाली होती. किसनराव माणूस वाईट नव्हते. पण भाव वाढला, तशी त्यांची झोप उडाली. वेचणाऱ्या बायांचा वाटा त्यांच्या डोळ्यांत खुपू लागला. गावची रीत अशी, की अकरा टोपल्या मालकाच्या आणि बारावी वेचणारीची. ती बारावी टोपली तिनं स्वतः भरायची, काठाच्या आत मावेल तेवढी. ही रीत मोडावी, तर बाया उठून शेजारच्या वावरात गेल्या असत्या. म्हणून किसनरावांनी शालिकरामला बोलावून हळूच सांगितलं, "बारावीसाठी नवी टोपली विण. बाहेरून जुनीएवढीच, पन तळ आतून चार बोटं वर घे. अन् कोनाजवळ बोलू नोको."

शालिकराम मान खाली घालून विणत बसला. काम खोटं होतं, पण त्याच्या हातांना कच्चं विणता येत नव्हतं. तळ वर उचलला, म्हणून त्यानं खाली बांबूच्या जाड कामट्यांचा आधार दिला. भिंती दुहेरी केल्या आणि काठाला तीन वेढे घातले. अशी मी जन्मले, लबाड पण दणकट.

त्या वावरात मनकर्णा वेचायला यायची. तिचा नवरा सूर्यभान किसनरावांचाच सालदार. पाडव्याला मालकानं पुढे केलेला विडा उचलला, की पुढच्या पाडव्यापर्यंत बांधलेला. वर्षाची ज्वारी, दोन धोतरं, एक घोंगडी आणि एक जोडा मिळायचा, पण मधेच सोडून जायची सोय नव्हती. त्यांच्या दारात सासऱ्याची गाडी होती आणि गोठ्यात मोत्या नावाचा एक बैल होता. एका बैलानं गाडी चालते थोडीच? वाट्याच्या कापसातून दुसरा बैल आला असता, तर सूर्यभान गाडीवान झाला असता. खेप केली की मजुरी हातात, आणि उद्या जायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

"औंदा पाडव्याले तुमी कोनाचा विडा उचलायचा नाही," मनकर्णेनं त्याला बजावून ठेवलं होतं.

पण टोपली रोज भरायची आणि घरचा ढीग काही वाढेना. एका संध्याकाळी तिनं एक हात माझ्या आत घातला, दुसरा बाहेरून लावला आणि तिला सगळं उमगलं. मी शरमेनं अर्धी झाले. वाटलं, आता ही मला आपटणार. पण तिनं माझ्या भिंती दाबून पाहिल्या, तळावर बुक्की मारून पाहिली आणि ती गालातल्या गालात हसली.

दुसऱ्या दिवशी बारावी टोपली भरताना तिनं चक्क एक पाय माझ्यात घातला आणि कापूस तुडवू लागली. जुन्या टोपल्या गुडघा टेकला तरी फाटायच्या, म्हणून हे आजवर कोणाला सुचलंच नव्हतं. मी मात्र कुरकुरलेसुद्धा नाही. दोन टोपल्यांचा कापूस पोटात गेला, तरी काठ मोकळाच. मग तिसरीतलाही थोडा गेला. मला उचलायला दोन बाया लागल्या.

किसनराव धावत आले. "हे काय करून राहिली तू, मनकर्णा?"

"टोपली भरून राहिली, पाटील. काठाच्या वर एक बोंडबी नाही. पाहा तुमी."

किसनरावांचा तोल गेला. नव्या टोपल्या घेऊन आलेला शालिकराम बांधावर उभा होता, त्याच्यावर ते गरजले, "अबे, मी तुले तळ वर घे म्हनलं होतं! एवढी मजबूत काऊन केली?"

"तळ उचलला तं आधार द्या लागते, मालक," शालिकराम म्हणाला.

चोरी कोणी पकडली नव्हती, मालकानं स्वतःच्या तोंडानं सांगून टाकली होती. किसनरावांची बायको माणिकबाई बायांसाठी पाणी घेऊन आली होती. तिनं घागर खाली ठेवली.

"तळ वर घे, म्हंजे?" तिनं विचारलं.

पुढे अर्धं वावर वेचायचं होतं आणि सगळ्या बाया किसनरावांकडे बघत होत्या. माणिकबाईच म्हणाली, "टोपली तुमीच करवली न? मंग आता कापूस सरेपर्यंत हेच टोपली चालन." आधी बाया हसल्या, मग शालिकराम आणि शेवटी किसनरावही. त्या हंगामात प्रत्येकीचा पाय माझ्यात पडला. असा मान कोणत्या टोपलीला मिळाला असेल?

पाडव्याला किसनरावांनी सूर्यभानपुढे विडा धरला. सूर्यभाननं हात जोडले आणि गोठ्याकडे बोट दाखवलं. तिथे मोत्याशेजारी चांदूर बाजारातून आणलेला तांबडा बैल उभा होता. किसनरावांनी विडा स्वतःच खाल्ला आणि ते म्हणाले, "बरं, मंग माह्या कापसाची पयली खेप तूच ने. अन् जाता जाता ते टोपली घेऊन जाय. माह्याच्यानं पाहावत नाही तिच्याकडं."

आता मी सूर्यभानच्या अंगणात पालथी असते. माझ्याखाली कोंबडी पिल्लं घेऊन बसते. मित्रांनो, तुमच्याकडे कोणी सालानं राबो, रोजानं की वाट्यानं, त्याचं माप खोटं करू नका. आणि जुनी टोपली चुलीत घालण्याआधी एकदा तिच्यात हात घालून पाहा. तिनं कोणाचं घर उभं केलं असेल, सांगता येत नाही.

त्या तांबड्या बैलाचं नाव मनकर्णेनं ठेवलं. तोही आता माझ्यासारखा म्हातारा झाला आहे. पण सकाळी गाडी जुंपताना सूर्यभान हाक देतो, "चाल रे टोपल्या!" आणि अंगणातून मीच आधी ओ देते.