दोन सेकंदांची फॅट

दोन सेकंद ठरवले तेव्हा आपण फार उदार झालो, असं प्रज्ञेशला वाटलं होतं. दुधाची फॅट मोजणारं मशीन आणि आकडा दाखवणारा डबा, या दोघांमधला प्रोग्रॅम त्याचा. डब्याने विचारायचं, मशीनने सांगायचं. मशीन गप्प राहिलं तर किती वेळ थांबून पुन्हा विचारायचं, एवढंच ठरायचं होतं. नारायण पेठेतल्या ऑफिसात, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या पिशवीच्या दुधाला सव्वा सेकंद लागला. उरलेल्या दुधाचा चहा झाला. मालक संजयराव म्हणाले, "दोन पुष्कळ. त्याहून जास्त थांबवलं की गिऱ्हाईक आधी घड्याळ बघतं, मग आपलं बिल."

हे दोन हजार तीनच्या दिवाळीतलं. पौषात मांजरी गावच्या डेअरीचे सेक्रेटरी पृथ्वीराज यांचा फोन आला. मशीनवर ते खूश होते. पहिली किटली झाली की पुढचे आकडे पापणी लवायच्या आत येत. तक्रार मथुराबाईंची होती. तीस वर्षं दूध घालणाऱ्या बाईची फॅट महिनाभर साडेचारच लागत होती. म्हशीच्या दुधाला साडेचार म्हणजे पाणी, असं कमिटीचं मत.

"येत्या सोमवारपासून त्यांचं दूध बंद. म्हातारी म्हणते, मशीन खोटं. तुम्ही येऊन खरं आहे असं लिहून द्या, म्हणजे मिटलं."

प्रज्ञेशने पत्र टाइप करूनच नेलं. फक्त तारीख घालायची बाकी ठेवली.

पहाटे सहाला रांगेत कडाक्याची थंडी होती आणि भांडण चालू होतं. नवल म्हणजे, पहिला नंबर कुणालाच नको होता. भांडण होतं मथुराबाईंच्या मागच्या जागेचं.

"आज माझी पाळी हाय, नागोराव. काल तुमी व्हता."

"माझी म्हस आटत आलीय, रामदास. मला गरज जास्त."

प्रज्ञेशने कारण विचारलं. नागोराव म्हणाले, "बाईच्या मागं हुभं ऱ्हायलं की सात-साडेसात फॅट लागती. पायगुण म्हणायचा."

"आणि त्यांची स्वतःची?"

"तिची न्हाई लागत. पाणी घालती न्हवं."

मथुराबाईंनी मान वळवली. "पानी घालते तर माझ्या मागं कशाला चिकटतोस? दशरथाच्या मागं जा की. त्येच्या गाडीवर माझी किटली येती म्हून मीच रोज त्येच्या मागं असते."

पुढे उभ्या दशरथने आपल्या किटलीचं झाकण घट्ट केलं.

प्रज्ञेशने दशरथच्या किटलीकडे पाहिलं, मग मागच्या रांगेकडे. त्याने पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि साहेब म्हणून बाईंच्या मागची जागा मिळवली. मथुराबाईंना चार पॉइंट चार लागली. मग नारायण पेठेतलं नळाचं पाणी मशीनमध्ये गेलं. आकडा तत्काळ आला: सात पॉइंट सहा.



"कुठल्या हिरीचं हाय?" नागोरावांनी विचारलं.

थंडीत म्हशीच्या घट्ट दुधाला तीन-चार सेकंद लागत होते. पहिल्या किटलीला डबा दोनच सेकंद थांबे आणि पुन्हा विचारी. मशीन सज्जनपणे दोन्हीदा उत्तर देई. एक उत्तर शिल्लक राही, ते दुसऱ्याच्या नावावर जाई, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या. सबंध रांग पुढच्याचं दूध आपल्या नावावर खपवत होती, आणि डब्याचा वेग मात्र वाखाणला जात होता.

प्रज्ञेशने तिथेच लॅपटॉप उघडून सहा सेकंद केले, आणि विचारण्याआधी शिळं उत्तर टाकून द्यायला डब्याला शिकवलं. मथुराबाईंनी दूध पुन्हा दिलं. मशीनने चार सेकंद घेतले. सात पॉइंट सहा.

"आता इचार करून सांगतंय," त्या म्हणाल्या.

मग बाकीची रांग मोजली गेली. दशरथ चार पॉइंट चार, नागोराव चार पॉइंट आठ, रामदास त्याहून खाली. आठ वाजेपर्यंत अकरा जण पृथ्वीराजांच्या टेबलाभोवती जमले. त्यांत कमिटीचे चार.

"साहेब," पृथ्वीराज हळूच म्हणाले, "काल एकीची तक्रार होती, आज अकरांची. मग मशीन बिघडलं कधी म्हणायचं? तुम्ही आपले दोन सेकंद परत करा. मथुराबाईंना आम्ही सांभाळून घेऊ. त्यांचे रोज सात हातानं लिहू."

मथुराबाईंनी पावती कनवटीला लावली. "हातानं नगं. मशीन काय सांगंल ते लिवा."

प्रज्ञेशने टाइप केलेलं पत्र खिशातच राहू दिलं. "दोन सेकंद करता येतील," तो म्हणाला. "कमिटीचा लेखी ठराव द्या. कारणासकट."

ठराव लिहायला कमिटी लगेच बसली. कारण काय लिहायचं यावर दोन चहा झाले. तिसरा मागवला तेव्हा प्रज्ञेशने सहा सेकंद तसेच ठेवून स्कूटरला किक मारली. मथुराबाईंचं दूध एव्हाना टँकरमध्ये ओतून झालं होतं.